औषध कशात विरघळवलं? चौलच्या किनाऱ्यावरून पातळ औषधांचा इतिहास

चौल म्हटलं की आपल्याला जुनं बंदर आठवतं, रामेश्वराचं देऊळ आठवतं, दत्ताच्या डोंगरावरची जत्रा, सुपारीच्या वाड्या आणि खाडीपलीकडचा कोर्लईचा किल्ला आठवतो. औषधाची बाटली काही कुणाला आठवत नाही. आज मात्र आपण चौलपासून सुरुवात करून पातळ औषधांचा इतिहास पाहणार आहोत. पातळ औषधं म्हणजे काढा, आसव, टिंक्चर, सिरप, सलाईन आणि आपली ओआरएसची पुडी.

एक मुद्दा सुरुवातीलाच मांडतो, म्हणजे पुढचं सगळं त्याला जोडता येईल. औषध हातात आलं की आपण विचारतो, यात औषध कोणतं आहे? ते कशात विरघळवलं आहे, हे आपण विचारत नाही. पातळ औषधांच्या इतिहासात कितीतरी माणसं वाचली आणि कितीतरी मेली, ती या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर.

आधी द्रावण म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. साखर पाण्यात ढवळली की ती दिसेनाशी होते आणि तांब्यातला प्रत्येक घोट सारखाच गोड लागतो. औषधाचं द्रावण तसंच. बाटलीतल्या पहिल्या चमच्यात जेवढं औषध, तेवढंच शेवटच्या चमच्यात. लहान मुलाला गोळी गिळता येत नाही, म्हाताऱ्या माणसाच्या घशाखाली उतरत नाही; शिवाय गोळीचा सातवा हिस्सा कुणी मोडून देऊ शकत नाही. पातळ औषध मात्र मुलाच्या वजनाप्रमाणे अडीच मिलिलिटर, पाच मिलिलिटर असं मोजून देता येतं. आणि ते आधीच विरघळलेलं असल्यामुळे पोटात गेल्यावर लवकर लागू पडतं.

ज्या बाटलीवर 'हलवून घ्या' असं लिहिलेलं असतं, ते द्रावण नव्हे. त्यात औषधाचे कण नुसते तरंगत असतात आणि ठेवलं की तळाशी बसतात. अशी बाटली न हलवता दिली तर पहिले काही दिवस मुलाला औषध कमी जातं आणि शेवटी एकदम जास्त. म्हणजे ती सूचना शोभेची नाही. पण हलवण्याची गरज का पडली? कारण ते औषध पाण्यात विरघळत नाही. आपली सगळी गोष्ट या अडचणीतून निघते. पाणी स्वस्त आहे, निरुपद्रवी आहे. पण त्यात बरीच औषधं विरघळत नाहीत, आणि जी विरघळतात ती फार दिवस टिकत नाहीत.

बंदरातून आलेले शब्द

आता चौल. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमीच्या भूगोलात या बंदराचं नाव येतं. अरबांनी त्याला सैमूर म्हटलं. अल मसुदी हा बगदादचा प्रवासी साधारण ९१६ साली इथे होता. इथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचं त्याने लिहून ठेवलं आहे. त्यांत काही इथेच जन्मलेले होते, तर काही सिराफ, ओमान, बसरा आणि बगदादहून आलेले. म्हणजे आजपासून अकराशे वर्षांपूर्वी चौलच्या बाजारात बगदादची माणसं वावरत होती.

त्या काळचं बगदाद हे औषधविद्येचं मोठं केंद्र होतं. आपली सुश्रुतसंहिता तिथे अरबीत उतरवली गेली होती. साबूर इब्न सहल या वैद्याने नवव्या शतकातच औषधं कशी तयार करायची याचा संग्रह लिहिला, आणि त्यात साखरेच्या पाकातल्या औषधांना मोठी जागा आहे. कडू औषध साखरेच्या घट्ट पाकात घातलं की दोन कामं होतात. चव झाकली जाते हे एक. दुसरं म्हणजे पाक पुरेसा घट्ट असला की त्यात जंतू वाढत नाहीत, म्हणून औषध टिकतं. आपला मुरांबा आणि लिंबाचा पाक टिकतो, त्यामागे हेच कारण.

या विद्येचे शब्द आपल्या घराघरांत आहेत. 'पिणं' या अर्थाच्या अरबी धातूपासून शरबत आलं, आणि त्याच धातूपासून युरोपमार्गे सिरप आलं. म्हणजे सरबत आणि सिरप ही सख्खी भावंडं. एक थेट आलं, दुसरं लॅटिन-इंग्रजीचा वळसा घालून आलं. अर्क म्हणजे मुळात घाम. भट्टीच्या नळीतून थेंब थेंब गळतं म्हणून ते नाव. शिशी फारसीतून आली. आणि फारसी गुलाब, म्हणजे गुलाबपाणी, अरबीत जाऊन जुलाब झालं. गुलाबपाण्यातून औषध द्यायचे, पोट साफ व्हायचं, आणि मराठीत त्या सुवासिक शब्दाचं काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. (हशा) यांतला अमुक शब्द अमुक बंदरात उतरला असं सांगता येत नाही. पण ज्या रस्त्याने ते आले, त्या रस्त्यावर चौल होतं.

मोडशी आणि तांदळाचं पाणी

सहाशे वर्षं पुढे येऊ. १५२१ साली निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी इथे, म्हणजे आजच्या रेवदंड्याला, किल्ला बांधायला घेतला. १५३४ साली गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य हिंदुस्थानात आला आणि पुढे गोव्यात स्थायिक झाला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारातही त्याने वैद्यकी केली. चौल हे त्याच निजामशाहीचं बंदर. १५६३ साली गोव्याच्या छापखान्यात ऑर्ताचा औषधींवरचा ग्रंथ छापला गेला. हिंदुस्थानात छापलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी तो एक. सगळा ग्रंथ संवादरूपात आहे : एक ऑर्ता स्वतः, आणि दुसरा रुआनो नावाचा काल्पनिक पाहुणा.

त्यात एक प्रकरण उलटी-जुलाबाच्या भयंकर रोगावर आहे. इथले लोक त्या रोगाला काय म्हणतात, ते ऑर्ताने कानावर पडलं तसं लिहून ठेवलं : मोर्शी. ही आपली मोडशी. पोर्तुगीजांच्या तोंडी पुढे तिचं मोर्देशीं झालं, आणि फ्रेंचांनी तर तिचं कुत्र्याचं मरण करून टाकलं.

इथले वैद्य या रोगावर काय करतात, हेही ऑर्ता सांगतो. ते पायांना डाग देतात. डोळ्यांत पिंपळी घालतात. आणि मिरी-जिरं घातलेलं तांदळाचं पाणी पाजतात, ज्याला ते कांजी म्हणतात. डाग आणि पिंपळी या दोन्ही गोष्टी आज आपण सोडून देऊ. तिसरी मात्र लक्षात ठेवा. कोकणात आजारी माणसाला पेज देतात, हे इथे बसलेल्यांना सांगायला नको. तिच्याकडे शेवटी परत यायचं आहे.

पाणी टिकत नाही

आपल्या वैद्यांनी पाण्याच्या औषधांची फार नीट वर्गवारी केली होती. स्वरस म्हणजे पिळून काढलेला रस. कल्क म्हणजे वाटून केलेला गोळा. क्वाथ म्हणजे काढा. हिम म्हणजे थंड पाण्यात रात्रभर भिजवून गाळलेलं पाणी, आणि फांट म्हणजे गरम पाण्यात टाकून गाळलेलं, जवळजवळ आपल्या चहासारखं. शार्ङ्गधरसंहितेत काढ्याचं माप दिलं आहे : एक भाग औषध, सोळा भाग पाणी, आणि आटवून आठवा हिस्सा ठेवायचा. म्हणजे किती काढायचं, कशात काढायचं आणि किती घट्ट करायचं, हे तिन्ही ठरलेलं. आजच्या औषधनिर्मितीच्या पुस्तकात याहून वेगळे प्रश्न नसतात; फक्त उत्तरं जास्त काटेकोर असतात.

त्याच ग्रंथात औषध किती दिवस टिकतं याचाही हिशेब आहे. चूर्णाचा गुण दोन महिन्यांनी कमी होतो, गुटिका आणि अवलेह वर्षभर चालतात. आसवं मात्र जुनी होतील तशी चांगली. याचं कारण काय? आसव-अरिष्टांत गूळ किंवा मध घालतात, धायटीची फुलं घालतात आणि भांड्याचं तोंड बंद करून ठेवतात. आत आंबण्याची क्रिया होते आणि औषधातच थोडं मद्यार्क तयार होतं, साधारण पाच ते दहा टक्के. त्याने दोन कामं साधतात : पाण्यात न उतरणारे काही घटक त्यात उतरतात, आणि औषध नासत नाही. आधी काढा करून मग आंबवलं तर अरिष्ट, काढा न करता आंबवलं तर आसव.

या टिकाऊपणाला व्यापारी महत्त्व आहे. काढा त्याच दिवशी प्यावा लागतो, म्हणून तो वैद्याच्या अंगणापलीकडे जात नाही. आसवाची बाटली बोटीत, रेल्वेत, टपालात घालता येते. आपल्या रायगड जिल्ह्यातच, पनवेलला, वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ साली धूतपापेश्वरची सुरुवात केली. आयुर्वेदिक औषध वैद्याच्या हातातून कारखान्याच्या बाटलीत गेलं, त्यात पनवेलचा वाटा फार जुना आहे. आणि ते जाऊ शकलं त्यात आसव-अरिष्टांचा वाटा मोठा, कारण ती दूरच्या गावापर्यंत टिकत होती.

इंग्रजी वैद्यकाकडेही हेच उत्तर होतं. फक्त ते मद्यार्क बाहेरून आणून घालत. त्याला टिंक्चर म्हणत. दवाखान्यात कंपाउंडर मोठ्या बरण्यांतून टिंक्चरं घ्यायचा, पाणी घालायचा आणि रोग्याने घरून आणलेल्या बाटलीत मिक्श्चर भरून द्यायचा. बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली असे. एक खाच म्हणजे एक डोस. आज साठीच्या पुढे असलेल्यांना ती पट्टी आठवत असेल.

मग मद्यार्काचं राजकारण सुरू झालं. १९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा आला. त्यात दारूची व्याख्या इतकी रुंद होती की मद्यार्क असलेली औषधं, म्हणजे टिंक्चर, टॉनिक वगैरेही त्यात अडकली. प्रकरण न्यायालयात गेलं. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात दारूबंदी मुख्यतः वैध ठरवली. पण मद्यार्क असलेल्या औषधी आणि प्रसाधनांच्या साध्या वापरावर बंदी घालणारा भाग रद्द केला. तरी दोन्ही बाजूंची ओढाताण राहिलीच, कारण बंदीच्या काळात औषधाच्या नावाखाली टिंक्चर पिणारेही होते. लक्षात घ्या, भांडण औषधावरून नव्हतं. ज्यात औषध विरघळवलं, त्या द्रवावरून होतं.

गोड, रंगहीन, दाट

मद्यार्काला कर लागतो, परवाना लागतो, आणि तो लहान मुलांना नको. म्हणून विसाव्या शतकात दुसरे द्रव पुढे आले : ग्लिसरीन आणि त्याच्या नात्यातले प्रॉपिलीन ग्लायकॉलसारखे पदार्थ. चवीला गोडसर, दाट, पाण्यात सहज मिसळणारे, आणि पाण्यात न विरघळणारी कितीतरी औषधं विरघळवणारे. मुलांच्या सिरपसाठी याहून सोयीचं काय असणार?

अडचण इतकीच की याच कुळात डायएथिलीन ग्लायकॉल नावाचा एक पदार्थ आहे. तोही रंगहीन, दाट आणि गोड. तो उद्योगात वापरतात. शरीरात गेला की त्यापासून तयार होणारं आम्ल मूत्रपिंडं निकामी करतं. लघवी थांबते, आणि मग काही दिवसांत माणूस जातो. नुसत्या डोळ्यांना किंवा जिभेला तो ग्लिसरीनपासून वेगळा ओळखता येत नाही.

१९३७ साली अमेरिकेत सल्फा हे नवं औषध गोळीच्या रूपात मिळत होतं. मुलांसाठी ते पातळ हवं, अशी मागणी आली. पण ते पाण्यातही नीट विरघळत नाही आणि मद्यार्कातही नाही. एका कंपनीच्या रसायनतज्ज्ञाला आढळलं की ते डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळतं. रंग तपासला, चव तपासली, रासबेरीचा स्वाद घातला आणि माल बाजारात पाठवला. विषारी आहे का, हे तपासलं नाही, कारण तसं तपासण्याची कायद्याने सक्तीच नव्हती. शंभराहून अधिक माणसं गेली, त्यांत बरीच लहान मुलं होती. सल्फा चांगलं औषध होतं. मारलं ते विरघळवणाऱ्या द्रवाने. सरकारला त्या कंपनीवर आरोप ठेवता आला तो एवढाच की बाटलीवर 'एलिक्झिर' लिहिलं आहे आणि आत मद्यार्क नाही. पुढच्याच वर्षी, १९३८ साली, अमेरिकेने नवा कायदा केला : सुरक्षित असल्याचं आधी दाखवा, मग विका. गंमत म्हणजे एलिक्झिर हा शब्द अरबी अल-इक्सीर, आणि त्याच्या मुळाशी कोरड्या भुकटीसाठीचा ग्रीक शब्द.

हे अमेरिकेचं झालं. आपल्याकडे १९४० सालीच औषधांचा कायदा आला. तरी १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले. मेंदूवरचा किंवा डोळ्यातला दाब कमी करण्यासाठी त्या काळी ग्लिसरीन पाजत असत. दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होतं. उद्योगासाठीचं ग्लिसरीन औषधी म्हणून रुग्णालयापर्यंत पोचलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने रुग्णालयाची खरेदी, औषध प्रशासन आणि मंत्र्यांचा हस्तक्षेप, सगळंच उघडं केलं. त्या अहवालानंतर राज्याच्या आरोग्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं. लेंटिन अहवाल वाचताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. विष एका माणसाने घातलं आणि बाकी सगळे निर्दोष होते, असं तिथे झालेलं नाही. खरेदी करणारा, तपासणारा, परवाना देणारा, सही करणारा, अशी प्रत्येक पायरी ढिली होती.

दुःख असं की ही घटना ना पहिली होती, ना शेवटची. १९७२ साली चेन्नईत, १९९८ साली गुरुग्राममध्ये, २०२० च्या सुमारास जम्मूतल्या रामनगरमध्ये मुलं याच विषाने गेली. २०२२ साली गॅम्बियात भारतीय सिरपशी जोडलेले मृत्यू झाले, आणि २०२३ च्या जूनपासून निर्यातीच्या खोकल्याच्या औषधांची सरकारी तपासणी सक्तीची झाली. पण ती निर्यातीसाठी. २०२५ च्या पावसाळ्याअखेरीस मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुलं मूत्रपिंडं निकामी झालेल्या अवस्थेत नागपूरच्या रुग्णालयांत आणली गेली. वीसहून अधिक मुलं गेली. त्यांना दिलेल्या खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के निघालं. मर्यादा ०.१ टक्के आहे.

१९३७ आणि २०२५. मधल्या अठ्ठ्याऐंशी वर्षांत काय बदललं? १९३७ साली हा पदार्थ विषारी आहे हे कारखान्याला ठाऊक नव्हतं. आज ते प्रत्येक कारखान्याला ठाऊक आहे, आणि तपासणीची पद्धत पुस्तकात छापलेली आहे. पिंप आलं की त्यातला नमुना काढून हा पदार्थ खरोखर तोच आहे ना, एवढं पाहायचं. म्हणून यापुढे या घटनांना अपघात म्हणणं मला बरोबर वाटत नाही. जे ठाऊक आहे, जे तपासता येतं आणि जे तपासलं जात नाही, त्याला आपण वेगळा शब्द वापरला पाहिजे.

परत पाण्याकडे

आता ऑर्ताच्या तांदळाच्या पाण्याकडे परत येऊ. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली. शिरेतून देण्याचं सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा तोलून पुड्या बांधल्या, पाण्यात विरघळवल्या आणि नातेवाइकांच्या हातून रोग्यांना पाजलं. तीस टक्क्यांच्या आसपास असलेला मृत्यूदर त्यांच्या देखरेखीत ३.६ टक्क्यांवर आला. १९७८ साली लॅन्सेटने हा शोध या शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध असल्याचं म्हटलं.

यामागचं शास्त्र असं. हगवणीत आतडं नुसतं पाणी आणि नुसतं मीठ नीट शोषून घेत नाही. पण ग्लुकोज बरोबर असलं की ते सोडियमला आत घेऊन जातं, आणि त्यांच्यामागे पाणी जातं. आज एक लिटरच्या पुडीत १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असतं. पुढे ढाक्यात तांदळाचं पीठ वापरूनही हे द्रावण करून पाहिलं गेलं आणि ते कॉलऱ्यात चांगलं चाललं, कारण तांदळातल्या पिठाचं पोटात ग्लुकोजच होतं.

म्हणून ऑर्ताच्या काळच्या वैद्यांनी ओआरएस शोधलं, असं कुणी म्हणू नये. त्यांना सोडियम ठाऊक नव्हतं, प्रमाण ठाऊक नव्हतं, आणि त्याच वेळी ते पायांना डागही देत होते. पण मोडशीच्या माणसाला पाजत राहिलं पाहिजे, आणि नुसतं पाणी न पाजता तांदळाचं पाणी पाजलं पाहिजे, हे त्यांच्या पाहण्यात आलं होतं. जिथे पाणी हेच औषध आहे अशा या उपचाराचं जुनं रूप आपल्या किनाऱ्यावरच्या पेजेत आहे.

समारोप करतो. द्रावण हा औषधाचा सर्वांत साधा प्रकार, आणि म्हणूनच तो सर्वांत जास्त विश्वासावर चालतो. गोळी चिरडलेली असेल तर दिसते. स्वच्छ, लाल, गोड द्रवात काय आहे ते आईला दिसू शकत नाही. तिच्या वतीने कुणीतरी आधी पाहिलेलं असावं लागतं. शार्ङ्गधराने माप लिहिलं, साबूरने संग्रह लिहिला, लेंटिननी अहवाल लिहिला. लिहिण्यात आपण कमी पडलो नाही. पिंप उघडून नमुना काढण्यात कमी पडलो.

एखादा प्रश्न असेल तर घेऊ.

प्रश्न : घरी ओआरएसची पुडी नसेल तर काय करायचं?

उत्तर : एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा सपाट हवा. मीठ जास्त झालं तर धोका आहे. नीट विरघळवा, चोवीस तासांत संपवा, उरलं तर ओतून द्या. पुडी असेल तर तीच वापरा आणि ती पूर्ण एक लिटरमध्ये करा. पेलाभर पाण्यात अर्धी पुडी असं अंदाजाने नको. मूल सुस्त झालं, पीत नसेल किंवा लघवी होत नसेल, तर थांबू नका, दवाखान्यात न्या.

प्रश्न : आणि लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाचं काय?

उत्तर : बहुतेक साधा खोकला आपोआप बरा होतो. अगदी लहान मुलांना डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय खोकल्याचं सिरप देऊ नये. मागच्या आजारपणातली उरलेली बाटली तर नाहीच नाही. घेतलंत तर पक्की पावती घ्या आणि बाटलीवरचा बॅच क्रमांक जपून ठेवा. काही बिघडलंच, तर पुढच्या मुलापर्यंत ती बाटली पोचू नये यासाठी तो क्रमांकच उपयोगी पडतो.